दूरची विमाने टिपण्यासाठी परवडणारी टेलिफोटो लेन्स कशी निवडावी?

विमानांची छायाचित्रे काढण्याचा छंद आपल्याकडेही चांगलाच रुजला आहे. मात्र या छंदात पाऊल ठेवताच पहिला प्रश्न उभा राहतो तो लेन्सचा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्समधून आकाशातील विमान ठिपक्याएवढे दिसते आणि व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात त्या ६०० मिमी एफ/४ लेन्सची किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. या दोन टोकांच्या मध्ये नोकरदार किंवा विद्यार्थी हौशी छायाचित्रकाराने नेमके काय घ्यावे? महिनोन् महिने साठवलेली पुंजी चुकीच्या लेन्सवर खर्च होऊ नये, यासाठी खरेदीपूर्वी काही गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

आधी अंतर मोजा

लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजेच नाभीय अंतर, जितके अधिक तितकी सेन्सरवर उमटणारी प्रतिमा मोठी. हिशेब अगदी सोपा आहे. विमानाची मीटरमधील लांबी आणि लेन्सची मिलिमीटरमधील फोकल लेंग्थ यांचा गुणाकार करावा व त्याला मीटरमधील अंतराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे विमान आडवे दिसत असताना सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची मिलिमीटरमधील लांबी होय.

आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या एअरबस ए-३२० या विमानाची लांबी ३७.५७ मीटर आहे. ते ३ किलोमीटरवर असेल, तर ३०० मिमी लेन्सने त्याची प्रतिमा ३.८ मिमीपेक्षा किंचित कमी येते. एपीएस-सी प्रकारच्या सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिमी असते. म्हणजे विमान चौकटीचा जेमतेम सहावा भाग व्यापते. ६०० मिमी लेन्सने ते एक-तृतीयांश चौकट व्यापेल. तेच विमान अवघ्या ५०० मीटरवर असेल, तर ३०० मिमी लेन्सनेही जवळजवळ संपूर्ण चौकट भरून जाते.

मुंबईत मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ला परिसरावरून जातात. उतरण्याचा नेहमीचा कोन ३ अंशांचा असल्यामुळे धावपट्टीच्या टोकापासून ५ किलोमीटरवर विमान सुमारे २६० ते २८० मीटर उंचीवर असते. अशा मार्गाजवळ राहणाऱ्यास २५० ते ३०० मिमीची लेन्स पुरेशी ठरते. विमानाच्या जवळ जाता येईल अशी जागा शोधणे हाच या छंदातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. कित्येक किलोमीटरवरूनच विमाने पाहावी लागत असतील, तरच त्याहून लांब लेन्सचा विचार करावा.

मोठ्या आकड्यांचा मोह

जाहिरातीतील आकडे वाचताना सावधगिरी हवी. ३०० मिमीची लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यावर ‘४५० किंवा ४८० मिमीइतकी’ होते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात लेन्स आहे तशीच राहते. लहान सेन्सर तिने दिलेल्या चित्राचा केवळ मधला भाग घेतो. निकॉनच्या २०१८ साली आलेल्या कूलपिक्स पी-१००० या कॅमेऱ्याची ३००० मिमीसमान अशी ख्याती झाली. त्याच्या लेन्सची प्रत्यक्ष कमाल फोकल लेंग्थ ५३९ मिमी आहे आणि सेन्सर फारच लहान. अतिउंचावरील विमान ओळखण्याच्या हौसेला असा कॅमेरा उपयोगी पडतो. मात्र वेगाने जाणारे विमान सतत फोकसमध्ये ठेवणे, मंद प्रकाशात स्वच्छ चित्र मिळवणे या बाबतींत तो तोकडा पडतो.

कोणते पर्याय?

पहिली पायरी ३०० मिमीपर्यंतच्या झूम लेन्सची. कॅननची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम (२०१३) किंवा निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर (२०१६) या लेन्स हलक्या आणि त्यांच्या किमतीच्या मानाने उत्तम आहेत. निकॉनच्या जुन्या बॉडी वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. डी-९० किंवा डी-३००० यांसारख्या काही बॉडींवर एएफ-पी लेन्सचा फोकस चालत नाही; तर प्राथमिक श्रेणीच्या अनेक बॉडींमध्ये मोटर नसल्याने जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. आपली बॉडी सोबत नेऊन लेन्स लावून पाहणेच श्रेयस्कर.

दुसरी पायरी ४०० मिमीची. सिग्माची १००-४०० काँटेम्पररी (२०१७) साधारण १,१६० ग्रॅम वजनाची आहे. कॅननच्या आरएफ माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी आलेली आरएफ १००-४०० (२०२१) तर अवघी ६३५ ग्रॅम भरते. हातात धरून तासभर आकाशाकडे रोखता येणारी लेन्स ही विमानांसाठी मोठी सोय होय.

तिसरी पायरी ६०० मिमीची. टॅमरॉनने २०१३च्या अखेरीस १५०-६०० मिमी लेन्स जाहीर केली आणि सामान्य हौशी छायाचित्रकारासाठी ही लांबी प्रथमच आवाक्यात आली. पाठोपाठ सिग्माची १५०-६०० काँटेम्पररी (२०१४) व निकॉनची २००-५०० एफ/५.६ (२०१५) आली. या लेन्स सुमारे दोन किलो किंवा त्याहून जड आहेत. एकपायी स्टँड, म्हणजे मोनोपॉड, जवळ असलेला बरा.

कॅननच्या आरएफ ६०० मिमी एफ/११ (२०२०) या लेन्सचे वजन ९३० ग्रॅम असले, तरी तिला प्रकाश भरपूर लागतो. रखरखीत उन्हातही सेकंदाच्या १/१००० वेगासाठी आयएसओ ५००च्या आसपास ठेवावा लागतो. संध्याकाळी तो झपाट्याने वाढतो.

५०० मिमी एफ/८ची आरशाची लेन्स सर्वांत स्वस्त असते. परंतु तिचे अॅपर्चर बदलता येत नाही आणि बहुतेकींना ऑटोफोकस नसतो. दोन पट टेलिकन्व्हर्टर जोडल्यास प्रकाश चौपट घटतो व अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस बंद पडतो. स्वस्त झूमवर हा प्रयोग टाळलेलाच बरा.

हवा हीच अंतिम मर्यादा

लेन्स कितीही लांब असली, तरी विमान आणि कॅमेरा यांच्यामधील हवा तिला दूर करता येत नाही. ऊन तापले की जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि दूरच्या विमानाच्या कडा लाटांसारख्या हलतात. धावपट्टीवरील विमाने टिपताना हा त्रास सर्वाधिक होतो. अशा वेळी ३०० आणि ६०० मिमीच्या चित्रांतील तपशिलात फारसा फरक उरत नाही. सकाळची वेळ आणि पावसाने धुऊन निघालेली हवा यांचा लाभ कोणत्याही महाग काचेपेक्षा मोठा असतो.

जेट विमानासाठी शटरचा वेग १/१००० च्या पुढे ठेवावा. पंख्याच्या विमानासाठी वा हेलिकॉप्टरसाठी तो १/२५० किंवा त्याहून कमी ठेवावा, अन्यथा फिरती पाती थिजल्यासारखी दिसतात. स्वस्त झूम लेन्स एफ/८ वर बहुधा अधिक रेखीव चित्र देतात.

जुनी लेन्स घेताना

वापरलेल्या लेन्समध्ये मोठी बचत होते. मात्र मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेवर बुरशी चढते. लेन्समधून विजेरीचा झोत टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, ते पाहावे. ऑटोफोकस, स्थिरीकरण आणि कमाल झूमवर दूरच्या पाटीची स्पष्टता तपासावी. बिलाचा आग्रह धरावा.

जागेची निवडही विचारपूर्वक करावी. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, तर गोव्याचे दाबोळी नौदलाचे तळ आहे. अशा ठिकाणी लांब लेन्स रोखणे कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते. नागरी विमानतळाच्या परिसरातही सुरक्षारक्षकांच्या सूचना पाळाव्यात.

सारांश, आधी जागा व अंतर निश्चित करावे, वरील हिशेब कागदावर मांडावा आणि मगच दुकानात जावे. अनेकांच्या बाबतीत उत्तर ३०० किंवा ४०० मिमीवरच थांबेल आणि उरलेले पैसे खिशातच राहतील.