एचआयव्हीबाधितांची पाठदुखी आणि एमआरआय

पाठ दुखते म्हणून सहसा कोणी तातडीने डॉक्टरांकडे जात नाही. मात्र एचआयव्हीबाधित व्यक्तीस पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, पायांतील ताकद कमी होत असेल किंवा लघवी अडत असेल, तर मलम आणि शेक यांत दिवस घालवू नयेत. मेरुरज्जूवरील दाब वेळीच दूर झाला नाही, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

अशा वेळी साधा एक्स-रे पुरेसा नसतो. हाडाची बरीच झीज झाल्यावरच ती त्यात उमटते आणि मेरुरज्जू तर दिसतच नाही. एमआरआयमध्ये मणके, त्यांमधील चकत्या, मेरुरज्जू व त्यातून निघणाऱ्या नसांची मुळे एकाच तपासणीत पाहता येतात.

आपल्याकडे पहिला संशय येतो तो क्षयाचा. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात लगतचे दोन मणके पोखरले जातात आणि शेजारी पू साठतो. कधी दूरच्या मणक्यातही दुसरी गाठ दडलेली असते; म्हणून शक्यतो संपूर्ण कण्याचे चित्रण करावे. लिम्फोमा हा कर्करोगही काही वेळा असाच दिसतो. त्यामुळे केवळ चित्रावर न विसंबता सुईने नमुना घेणे श्रेयस्कर.

सीडी४ पेशी फारच घटल्या असतील, तर सायटोमेगॅलो विषाणू नसांच्या मुळांवर हल्ला करतो आणि काही दिवसांतच पाय निकामी होऊ लागतात. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यावर ही मुळे बहुधा उजळ दिसतात. निदानासाठी पाठीतील पाणीही तपासावे लागते.

याउलट, ‘व्हॅक्युओलर मायलोपथी’त मेरुरज्जूत सूक्ष्म पोकळ्या पडतात. पाय हळूहळू ताठरतात, तोल जातो. पाठ मात्र सहसा दुखत नाही. आणि एमआरआय अनेकदा निर्दोष येतो! ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे रुग्णाची तक्रार खोटी, असे घरच्यांनी समजू नये. ‘ब’ १२ जीवनसत्त्वाच्या अभावीही हीच लक्षणे दिसतात व तो अभाव भरून काढता येतो. म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

शरीरात पेसमेकर वा धातूचा तुकडा असल्यास, तसेच मूत्रपिंडाचा विकार असल्यास तपासणीपूर्वी सांगावे. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणावरून तपासणी नाकारण्यास १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई केली आहे.