पोवाड्यातला वीर

सिंहगडाच्या लढाईवरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा रणांगणावर सुरू होत नाही, तो सुरू होतो जिजाबाईंपाशी. प्रतापगडावर सकाळी केस विंचरताना त्यांना दूरवर कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, दिसतो आणि त्या शिवाजीराजांना राजगडाहून बोलावून घेतात. मायलेक सोंगट्या खेळायला बसतात. राजे हरतात आणि आईसाहेब पणाची वसुली म्हणून कोंढाणा मागतात. तो गड मोगलांच्या हाती असतो, त्यामुळे देता येत नाही आणि नाही म्हणण्याचीही सोय नसते. म्हणून उमरठला तानाजीकडे निरोप जातो. तिथे त्याच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची तयारी चाललेली असते. एवढ्या मोठ्या युद्धाला शाहिराने सोंगट्यांचा डाव हे कारण दिले, आणि त्या डावाची किंमत मोजायला लग्नघरातला माणूस उठवला. पोवाडा म्हणजे निव्वळ स्तुती, असे मानणाऱ्याने ही सुरुवात नीट ऐकावी.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून 1697 मध्ये जिंजीला आपली बखर लिहिली. कोंढाणा 4 फेब्रुवारी 1670 रोजी, म्हणजे फक्त सत्तावीस वर्षांपूर्वी पडला होता. सभासदाचे वर्णन आटोपशीर आहे. तानाजी निवडक पाचशे मावळे घेऊन जातो, माणसे वानरासारखी कडा चढतात, वर उदेभान राजपुताशी गाठ पडते, दोघेही मरतात, आणि धाकटा भाऊ सूर्याजी विस्कटलेली माणसे सावरून गड घेतो. त्यात पोवाड्यातली घोरपड नाही, हत्तीही नाही. गड हाती आल्याची बातमी ऐकून राजांना आनंदाआधी माणूस गेल्याचे दुःख होते, एवढे मात्र सभासद नोंदवतो.

पोवाड्यात हीच लढाई अवाढव्य होते. उदेभानाचा आहार राक्षसी, जनानखाना मोठा. त्याचा चंद्रावळी हत्ती, सिद्दी हिलाल आणि बारा मुलगे एकामागून एक अंगावर येतात, आणि तानाजी सगळ्यांना लोळवतो. अशी लढाई कोणत्याही माणसाला झेपणारी नाही. हा पोवाडा गोंधळी रात्र रात्र जागवून गात. डफावर थाप पडली, तुणतुणे लागले आणि झीलकऱ्यांनी ‘जी जी’ची ओढ घेतली की ऐकणाऱ्याला हिशेब नको असतो, त्याला आणखी एक शत्रू पडलेला हवा असतो. अतिशयोक्ती ही या कलेची गरज आहे.

तरीही याच पोवाड्यातला सर्वांत अद्भुत प्रसंग वीराला माणसात आणतो. शेंदूर लावून पूजलेली यशवंती घोरपड कड्यावर सोडली जाते. अनेक किल्ल्यांवर न चुकता चढलेली ती या वेळी अर्ध्यातून मागे फिरते. म्हाताऱ्या शेलारमामांना तो अपशकुन वाटतो आणि ते परत फिरायला सांगतात. तानाजी चिडतो. पुन्हा मागे आलीस तर कापून भाकरीबरोबर खाईन, अशी धमकी तो त्या मुक्या जनावराला देतो. घोरपड जीव मुठीत धरून चढते. घोरपडीच्या बळावर माणसे कडा चढू शकतील का, हा प्रश्न इथे गौण आहे. पुढे काय होणार हे जनावराला कळले, म्हाताऱ्याला कळले, आणि वीराने ते ऐकले नाही. शाहिराने त्याचा हट्ट झाकलेला नाही.

पानिपतानंतर सांगण्याची ही रीत अपुरी पडली. 14 जानेवारी 1761 च्या पराभवात एकच वीर दाखवून भागणार नव्हते. भाऊसाहेबांच्या बखरीत मराठी सरदारांचे आपसातले हेवेदावे आणि खुद्द सेनापती भाऊंचा ताठा आला. एकोणीस वर्षांचे व्हायला आलेले नाना फडणीस त्या दिवशी रणातून निसटले, त्यांची आई तिथेच हरवली. पुढे आत्मवृत्त लिहिताना त्यांनी आपली भीती आणि आपले पळणे लपवले नाही. मराठीत युद्धाबद्दल इतके उघडे लिहिणे दुर्मीळच. विरुद्ध बाजूला, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानेही या लढाईची फारसीत हकीकत लिहिली. सामान्य लोकांना मात्र भाऊंचे मरण पटले नाही. म्हणूनच 1776 मध्ये भाऊ म्हणवणाऱ्या तोतयामागे कोकणात हजारो माणसे गेली. त्याला पकडून पुण्यात देहदंड दिला गेला.

पोवाड्यांचा मोठा संग्रह 1891 मध्ये छापला गेला. मुंबईचे महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी तो सिद्ध केला. विसाव्या शतकात अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला तेव्हा वीराची जागा एका व्यक्तीऐवजी अख्ख्या झुंजणाऱ्या शहराने घेतली.

युद्धात हरलेल्या जपानमध्येही पानिपतानंतरसारखीच, नुसता वीर दाखवून न भागण्याची अडचण उभी राहिली. 1979 च्या ‘मोबाइल सूट गंडम’ या मालिकेत अजस्र यंत्रमानव चालवणारा मुलगा अचाट पराक्रम करतो, पण युद्धाला कंटाळतो, आणि शत्रूपक्षातल्या माणसांनाही त्यांची कारणे असतात. यंत्र अशक्य कोटीतले, त्यात बसलेले पोर मात्र ओळखीचे.

नवी मुंबईतल्या वाशी, तुर्भे, कोपरखैरणेत आज राहणारी असंख्य कुटुंबे सातारा, जावळी, पोलादपूर या पट्ट्यातून माथाडीच्या कामामागे आली. तानाजीचे उमरठ याच पोलादपुराजवळ आहे. त्यांच्या पुढच्या पिढीला सिंहगडाची लढाई बहुधा पडद्यावरच भेटते. ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ 10 जानेवारी 2020 रोजी आला. त्यातला मगर भाजून खाणारा उदेभान थेट तुळशीदासाच्या वळणाचा आहे. हत्तीच्या जोडीला एक प्रचंड तोफही आली. रायबाचे लग्नही राहिले. सोंगट्यांचा डाव मात्र गेला, आणि त्या जागी गड परत येईपर्यंत अनवाणी राहण्याची जिजाबाईंची प्रतिज्ञा आली.