‘स्वसंरक्षणार्थ गोळीबार’ : वडाळा ते बदलापूर

एक योगायोग सांगतो. २३ सप्टेंबर २०१४ला सुप्रीम कोर्टाने पोलीस चकमकींबाबत १६ नियम घालून दिले. आणि बरोब्बर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ला, बदलापूर प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्याच गाडीत गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी घालावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’चे पोस्टर लागले.

राग समजू शकतो. शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं ऐकून कुणाचं रक्त खवळणार नाही? पण ‘स्वसंरक्षण’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्याचा आपल्याकडचा इतिहास एकदा बघू या.

मुंबईतलं पहिलं गाजलेलं एन्काउंटर म्हणून ज्याचं नाव घेतात ते ११ जानेवारी १९८२चं. वडाळ्यात आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे मारला गेला. मग १६ नोव्हेंबर १९९१ला लोखंडवालात माया डोळस आणि साथीदार. भरदिवसा, कित्येक तास, लोकवस्तीत गोळीबार चालला. समोरूनही गोळ्या येत होत्या, हे विसरून चालणार नाही.

नव्वदचं दशक म्हणजे खंडणी, सुपाऱ्या, बिल्डर आणि निर्माते यांच्यावर गोळीबार. साक्षीदार फुटायचे, आरोपी जामिनावर सुटून पुन्हा धंद्याला लागायचे. लोक कंटाळले होते आणि पोलीसही. त्यातून ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ जन्माला आले. कुणाच्या नावावर किती, याची मोजदाद पेपरात छापून यायची, सिनेमे निघायचे. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकी आणि त्यातले सुमारे १३५ मृत्यू, याच आकड्यांवरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना कोर्टात गेली. वर सांगितलेले १६ नियम त्याच खटल्यातून आले.

आता कायदा काय म्हणतो? गंमत अशी, की ‘एन्काउंटर’ नावाचं कलमच नाही. जीव वाचवण्यासाठी समोरच्याचा जीव घेण्याचा हक्क तुम्हाला-मला जेवढा आहे, तेवढाच पोलिसाला. जुन्या दंड संहितेत ही कलमं ९६ ते १०६ होती, नव्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत. अट एकच : गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि ‘मी स्वतःला वाचवत होतो’ हे दाखवून देण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. अटक करताना बळ वापरायची मुभा पोलिसांना आहे, पण तिलाही मर्यादा आहेत.

म्हणूनच त्या १६ नियमांत सांगितलंय : एफआयआर नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करा, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. शेवटचा नियम नीट वाचा. माणूस मारल्यावर बक्षीस मिळणार असेल तर काय होतं, हे कोर्टाने ओळखलं होतं.

काय होतं ते मुंबईने पाहिलंय. ११ नोव्हेंबर २००६. वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ लखन भैय्या ‘चकमकीत’ ठार. त्याचा भाऊ वकील. लखनला वाशीतून उचलल्याचं कळताच, तो जिवंत असतानाच, भावाने पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्या कागदांनी पोलिसांची गोष्ट उघडी पाडली. खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार साक्षीआधीच २०११मध्ये बेपत्ता झाला, मग त्याचा मृतदेह सापडला. तरी भाऊ हटला नाही. २०१३मध्ये १३ पोलिसांसह २१ जण दोषी ठरले. तेव्हा सुटलेले प्रदीप शर्मा यांनाही मार्च २०२४मध्ये हायकोर्टाने जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध ते सुप्रीम कोर्टात गेले.

बदलापूरच्या घटनेत दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५मध्ये हायकोर्टासमोर उघडला. पोलिसांचा स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद, असं त्यात होतं. मृताच्या आईवडिलांनी खटला पुढे न्यायचा नाही असं सांगूनही कोर्टाने विषय सोडला नाही, आणि ७ एप्रिल २०२५ला एसआयटी नेमायचा आदेश दिला.

‘पोलिसांनी काय नुसतं मरायचं का?’ असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. अजिबात नाही. तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक स्वतःच्या अंगावर घेतली म्हणून तो जिवंत सापडला. चकमकफेम विजय साळसकर त्याच रात्री शहीद झाले. त्या रात्री कसाबला तिथल्या तिथे संपवला असता तर कोण काय बोललं असतं? पण खटला चालला, पाकिस्तानातला कट जगासमोर पुराव्यासह आला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात कायद्याने फाशी झाली.

बदलापूरच्या त्या चिमुरड्यांच्या आईवडिलांना मात्र हे मिळालं नाही. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. पुरावे तपासले जात नाहीत, उलटतपासणी होत नाही, दोषी म्हणून निकाल लागत नाही.

खरोखर जीव वाचवायला गोळी झाडणाऱ्या पोलिसाला चौकशीची भीती नसावी. उलट तीच चौकशी त्याला खुनाच्या संशयातून मोकळं करते. त्यामुळे पुढच्या वेळी पेढा हातात घ्यायच्या आधी एवढंच विचारा : एफआयआर झाला का? तपास कोण करतंय?

मत वेगळं असेल तर जरूर लिहा. शिव्या मात्र नकोत.