रूटचा पासवर्ड न देता नेटवर्क ड्राइव्ह कसा जोडायचा?

सर्व्हरवरचा फोल्डर रोज रात्री आपोआप जोडला जावा आणि बॅकअप व्हावा, एवढंच हवं असतं. पण स्क्रिप्ट चालवली की लिनक्स अडवतं: हे काम फक्त 'रूट' करू शकतो. रूट म्हणजे कॉम्प्युटरवरचा सर्वाधिकारी युजर. मग कंटाळून अनेकजण रूटचा पासवर्डच स्क्रिप्टमध्ये लिहून मोकळे होतात. म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच टांगायची!

मुळात ही अडवणूक कशासाठी? 'माउंट' करणं म्हणजे बाहेरचा ड्राइव्ह आपल्याकडच्या एखाद्या फोल्डरवर बसवणं. कुणालाही तो कुठेही बसवता आला, तर एखादा पठ्ठ्या थेट 'ईटीसी' फोल्डरवरच स्वतःचा फोल्डर चढवेल. युजरची यादी तिथेच असते, म्हणजे सगळी सिस्टिम त्याच्या हातात.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे अॅडमिनला एकदाच गाठा. 'एफएसटॅब' या फाइलमध्ये त्या ड्राइव्हची एक ओळ लिहून घ्या आणि पर्यायांमध्ये 'यूजर' व 'नोऑटो' हे शब्द टाकायला सांगा. (कमांड आणि पर्याय अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) मग साधा युजरही तो ड्राइव्ह जोडू शकतो, पण ठरलेला ड्राइव्ह, ठरलेल्या जागीच. 'यूजर' लिहिलं की त्या ड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालवणंही आपोआप बंद होतं. विंडोजचा शेअर असेल तर त्याचा पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिला ६०० ही परवानगी द्या, म्हणजे ती दुसऱ्या साध्या युजरला वाचता येणार नाही.

अॅडमिन दाद देत नाही? सर्व्हरवर एसएसएच लॉगिन आणि तुमच्या मशीनवर 'एसएसएचएफएस' असेल तर काम होतं. हे 'फ्यूज'वर चालतं. साध्या युजरलाही माउंट करू देणारी ही सोय लिनक्स कर्नेलमध्ये २००५ पासून आहे. आपल्या होममध्ये एक रिकामा फोल्डर करा, याच कामासाठी वेगळी एसएसएच की बनवा, झालं. काढताना 'फ्यूजरमाउंट' कमांडला 'यू' पर्याय द्यायचा.

आता खरा घोळ. रात्री नेटवर्क गेलं, ड्राइव्ह जोडलाच गेला नाही, तरी तो रिकामा फोल्डर जागेवर असतोच. स्क्रिप्ट बिनधास्त त्यातच बॅकअप ओतते. सकाळी सगळं 'यशस्वी' दिसतं. सर्व्हरवर एकही फाइल नसते आणि तुमची डिस्क भरत चाललेली असते. म्हणून कॉपी करण्याआधी 'माउंटपॉइंट' कमांडने तपासा आणि ड्राइव्ह जोडलेला नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा.