घडणावळ

मुंबईच्या दमट हवेत हलव्याला काटा नीट येत नाही, हे आईला घाटकोपरला आल्यावर पहिल्याच संक्रांतीला कळलं. पाक दाण्यावर बसतो, पण टोक धरत नाही. म्हणून हलवा यायचा आजोळाहून, वाईजवळच्या गावातून. आजी पहाटे चारला निखाऱ्यांवर परात ठेवायची आणि तीळ-खसखशीवर चमच्याचमच्यानं पाक सोडत बोटांनी फिरवत बसायची. बोटं पोळायची. तीन-चार पहाटा गेल्या की कुठं किलोभर पांढराशुभ्र हलवा. वाईतल्या एका वाड्यात ती स्वयंपाकाला जायची, तिथंच शिकली.

हे दागिने विकायचे असतात, हे तोवर आमच्या ध्यानीमनी नव्हतं. नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी चंद्रकळा, बाळाचं बोरन्हाण. चाळीतल्या बायका जमून ओवायच्या. शेजारणीकडून पैसे कुठं घ्यायचे?

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात आमचे दादा. पुढची संक्रांत आली तरी संप मिटला नव्हता. मग आईनं मुलुंडला एका महिला मंडळाच्या प्रदर्शनात अर्धं टेबल घेतलं.

भाव कसा काढायचा? तीळ, साखर, पुठ्ठा, सोनेरी कागद, तार, दोरा, टेबलाचं भाडं, यांची तिनं बेरीज केली आणि वर दोन रुपये लावले. हार, बाजूबंद, बांगड्या, नथ, कंबरपट्टा असा सेट बावीस रुपयांना. “साखरच तर आहे, बाई,” म्हणत एकीनं अठराला मागितला. आईनं दिला. मग सगळ्याच अठरा म्हणू लागल्या. संध्याकाळी टेबल रिकामं आणि बटवाही जवळजवळ रिकामाच.

शेजारचे काका झवेरी बाजारात एका पेढीवर कारागीर. ते म्हणाले, “वहिनी, आमच्याकडं पावतीवर सोनं वेगळं लिहितात, घडणावळ वेगळी. दागिना मोडला तर सोन्याचे पैसे येतात, घडणावळ गेली ती गेली. तुमचं तर रथसप्तमीनंतर सोनंही उरत नाही. तुमची सगळी घडणावळच की!”

दुसऱ्या दिवशी सेट पस्तीस रुपये. घासाघीस करणारीला आई म्हणायची, “कंबरपट्टा नको असेल तर काढून देते, भाव नाही काढत.” नथी आणि कानातली सुटी, टेबलाच्या पुढच्या कडेला मांडली, नुसतं बघायला थांबलेली बाईही एखादी नथ घेऊन जायची. बोरन्हाणाच्या मुकुट-बासरीची ऑर्डर ती निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय लिहीत नव्हती. काहीजणी नाक मुरडून गेल्या, सेट कमी खपले, पण घरी महिन्याचं रेशन आलं. दादांनी त्या रात्री स्वतःहून पुठ्ठे कापायला घेतले. संपावरच्या माणसाला तेवढंही सोपं नसतं.

आता वांद्र्याला सरकारचं महालक्ष्मी सरस भरतं, गावोगावच्या बचत गटांच्या बाया माल घेऊन येतात. मी गेलो की आधी किमतीच्या चिठ्ठ्या वाचतो.

आईची 1983 ची वही माझ्याकडं आहे. साहित्य, भाडं, घडणावळ असे रकाने. आजीचा हलवा साहित्याच्या रकान्यात, नुसत्या तीळ-साखरेच्या भावानं. दोन वर्षांनी आईच्या ते लक्षात आलं, तेव्हा तिनं आजीला पन्नास रुपयांची मनिऑर्डर केली. ती परत आली, आजीनं घेतलीच नाही. हलव्याचा डबा मात्र पुढच्या संक्रांतीलाही आला.