बारमाही भयाचा शौक

भय अनुभवण्याची आवड ही मनुष्यस्वभावांतील एक जुनी व चमत्कारिक गोष्ट आहे. पाश्चात्य देशांत ३१ ऑक्टोबरची रात्र, जिला हॅलोवीन म्हणतात, ती भुताखेतांच्या सोंगांसाठीं राखून ठेवलेली असते. जॉन कार्पेंटर यांनीं १९७८ सालीं ‘हॅलोवीन’ या चित्रपटांत त्याच रात्रीचे खून दाखविल्यापासून तर त्या रात्रीचें व भयपटांचें नातें अधिकच दृढ झालें. परंतु हे भयपट पाहणारे आतां ऑक्टोबरची वाट पाहत नाहींत. आमच्या घरांतील तरुण मंडळी चैत्रांत काय आणि श्रावणांत काय, सारख्याच गोडीनें ते पाहतात. आणि वडील मंडळी विचारतात, ‘सणावारीं हें अभद्र कशाला?’ या प्रश्नाचें उत्तर थोडें मागें वळून पाहिल्यास सांपडण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें.

भयाला तिथी नेमून देण्याची रीत आमच्याकडेही आहे. भाद्रपदांत सर्वपित्री अमावास्येला पितरांसाठीं पान वाढावें, कावळ्याला घांस ठेवावा. आश्विनांत नरकचतुर्दशीला पहांटे अभ्यंगस्नान करून नरकासुर म्हणून कारीट पायाखालीं चिरडावें. एकींत मृतांचें ऋण फिटतें, दुसरींत असुराचा निकाल लागतो. दोन्ही गोष्टींना मुदत आहे व उपायही आहे. तथापि त्या कर्तव्यें होत, शौक नव्हेत.

शौकाची मोकळीक दिली ती रंगभूमीनें, आणि तिच्यामागून चित्रपटानें. या दोहोंच्या मधोमध राधानगरी वसली आहे. राजर्षी शाहू महाराजांनीं भोगावतीवर धरणाचें काम आरंभून आपल्या कन्येचें नांव दिलेलें हें गांव. येथून एक वाट फोंडाघाटानें कोंकणांत उतरते आणि दुसरी कोल्हापुरास जाते. घाटाखालीं दशावतार आहे. तेथील देवळांच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या खेळांत आरंभींच संकासुर येतो. त्याचा तो काळा वेष व अंगावर येणारी चाल पाहून लहान मुलें आईच्या कुशींत दडतात. परंतु थोड्याच वेळांत हा असुर मालवणींत असें कांहीं बोलूं लागतो कीं, तींच मुलें खदखदां हंसूं लागतात. अखेर विष्णूच्या हातून त्याचें पारिपत्य होतें. भ्यावें आणि लगेच हंसावें, हा धडा असा देवळाच्या अंगणांतच मिळे. मात्र त्यासाठीं जत्रेची वाट पाहावी लागे.

तें बंधन कोल्हापुरानें सोडविलें. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० सालीं पुण्यांत दाखविण्यांत आला. त्यांतील कीचकवधाचें दृश्य इतकें हुबेहूब वठलें होतें कीं प्रेक्षक हादरून गेले, आणि पुढें तें दृश्य कापावें लागलें. कीचक भीमाच्या हातून मरणार, हें ठाऊक नसलेला प्रेक्षक तेथें क्वचितच असेल! तेव्हां हें भय कथेच्या शेवटाविषयींचें नव्हतें. तें पाहण्याचेंच भय होतें, आणि तिकीट काढील त्याला तें कोणत्याही तिथीस मिळत होतें.

१९२९ सालीं कोल्हापुरांतच स्थापन झालेल्या प्रभात कंपनीनें पुण्यास गेल्यावर १९३४ सालीं ‘अमृतमंथन’ काढला. देवीपुढील बळी बंद करणारा राजा आणि त्याविरुद्ध कारस्थान रचणारा राजगुरू, असा त्यांतील झगडा आहे. हिंदींत चंद्रमोहन व मराठींत केशवराव दाते यांनीं ही राजगुरूची भूमिका केली; चंद्रमोहन यांचा पडदाभर दिसणारा डोळा तर प्रसिद्धच आहे. येथें अंगावर कांटा उभा राहतो तो देवीच्या कोपानें नव्हे, तर तिच्या नांवानें रक्त मागणाऱ्या मनुष्यामुळें.

पुढें नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या कथांनीं हें भय पुस्तकांतून घरोघरीं नेलें. धारपांच्याच एका कथेवरून स्फुरलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ सालीं आला. सप्टेंबर २०२४ मध्यें तो पुन्हा चित्रगृहांत लागला, तेव्हां त्यास पहिल्या खेपेपेक्षांही अधिक उत्पन्न झालें. कथा ठाऊक असूनही लोक पुन्हा गेले, यांत आम्हांस कांहीं नवल वाटत नाहीं.

आतां आक्षेप असा कीं, बारमाही भयानें मनांत अंधश्रद्धा रुजते. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. कारण आजाऱ्याला डॉक्टराऐवजीं देवऋष्याकडे नेणारें भय आमच्या समाजांत आहे. त्याविरुद्ध आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. परंतु हा कायदा पडद्यावरील भुताविरुद्ध नाहीं. भुताच्या नांवानें माणसाला नाडणाऱ्या माणसाविरुद्ध आहे. ‘अमृतमंथना’नें १९३४ सालींच बोट दाखविलें होतें तें याच माणसाकडे. पडद्यावरचें भय तिकिटापलीकडे कांहीं मागत नाहीं. दुसरें भय कोंबडें मागतें, पैसा मागतें, प्रसंगीं जीवही मागतें.

म्हणून वडील मंडळींस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, मुलगा वर्षांत किती भयपट पाहतो हें मोजीत बसूं नये. चित्रपट संपून दिवा लागल्यावर तो हंसतो कीं नाहीं, हें पाहावें. हंसत असेल, तर त्यानें संकासुराकडून घ्यावयाचें तें घेतलें आहे. हंसत नसेल, तर मात्र त्याला जवळ बसवून विचारावें.