मानसोल्लासांतील गजबंध व आजचीं प्राणिसंग्रहालयें

प्राणिसंग्रहालयें असावींत कीं नसावींत, हा वाद सांप्रत ऐकूं येतो. आम्हां निलंगेकरांस अशा वेळीं कल्याणीचे चालुक्य आठवतात. त्यांची राजधानी, आजचें बसवकल्याण, येथून फारशी दूर नाहीं. तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराचा. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला त्याचा पहिला खंड बडोद्यास १९२५ सालीं निघाला. त्यांत रानहत्ती धरण्याचे पांच प्रकार येतात: वारीबंध, वशाबंध (वशा म्हणजे हत्तीण, तिच्या आमिषानें धरणें), अनुगतबंध, आपातबंध व अवपातबंध, म्हणजे खड्ड्यांत पाडणें. शेवटचे दोन, हत्तींचा नाश होतो म्हणून, राजानें वर्ज्य ठरविले. पुढें विनोदविंशतींत मात्र कोंबडे, मेंढे व रेडे यांच्या झुंजी तोच राजा हौसेनें वर्णितो! तेव्हां या निषेधास भूतदया म्हणण्यास आमचें मन घेत नाहीं. हत्ती हें सेनेचें अंग होतें. तथापि धरण्यासही मर्यादा असते, हें त्यानें लिहून ठेविलें.

आज १९९२ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेवांचून संग्रहालय चालवितां येत नाहीं. पुण्याच्या पेशवे उद्यानांतील प्राणीही पुढें कात्रजच्या ऐसपैस जागेंत गेले. पोथी कपाटांत कोंडली तरी तिला दुःख नाहीं. वाघाचें तसें नव्हे. जखमी वा पोरक्या प्राण्यास आश्रय देणें आम्हांस मान्य आहे. निव्वळ करमणुकीसाठीं कोंडणें मान्य नाहीं. असो. गजबंधाच्या प्रकरणावर टीपा असलेली पोथी कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यांनीं ती अवश्य उजेडांत आणावी.